निंबाला बांधलेलं भेंड

१४ नोव्हेंबर

उशीर झाला, अंकुश. वही दिलीस तेव्हा रोज लिहीन म्हणालो होतो आणि दिवाळी होऊन गेली तरी पहिलं पान कोरंच. राग धरू नको. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सहीशिवाय काही लिहिलं नाही. बोटं अडतात.

तू म्हणाला होतास, "बा, समुद्रात फोन लागत नाई. तुमी तिकडं उगाच जीव काढता. मनात येईन ते लिहून ठेवा, आलो की वाचतो." म्हणून बसलो. पण तुझ्याशी बोलल्यासारखं लिहिलं की पुढची ओळ निघत नाही. पुढं नुसतं अं. लिहीन, दुसऱ्या कोणाबद्दल लिहिल्यासारखं.

सकाळी सुखदेव आला. दारातल्या वट्ट्यावर दोघं जाळ्याची भोकं सांधत बसलो. जाळ्याला काम नाही तरी सांधतो. चाळीसेक वर्षं एका डोंग्यात बसलो, आता एका वट्ट्यावर बसतो. तलावाचा ठेका बाहेरच्या माणसानं घेतला तेव्हापासून भोयांची पोरं पाण्यातून उठली. आपला अं. आणि सुखदेवचा एकुलता दिनेश कोकणात बोटीवर खलाशी. अं. नंच दिनेशला सोबत नेलं.

सुखदेव म्हणाला, "फोन?"

नाही म्हणालो.

"मंग बरं हाय. वाईट खबर थांबत नसते."

असं बोलून तो तंबाखू मळतो. त्याला झोप लागते. मला नाही.

१६ नोव्हेंबर

फोन आला. बंदरावर आले होते, डिझेल भरायला. मागच्या खेपेचा बर्फच तसाच परत आणला, टाकायला मासा नाही.

"बा, समुद्र रिकामा हाय."

मला वाटलं थट्टा करतो. एवढा समुद्र रिकामा कसा होईल. तो म्हणाला, बाहेर परदेशी जहाजं उभी आहेत, लोखंडी, मानोऱ्याच्या बसस्टँडपेक्षा लांब. नाव रंगानं पुसलेलं, झेंडा नाही, कोणत्या देशाची कोणाला ठाऊक. हद्दीच्या आत येतात, जाळं टाकतात, उजाडता उजाडता ओढून नेतात. एका जाळ्यात आपला सगळा तलाव मावेल. नको तो मासा फावड्यानं परत समुद्रात टाकतात, मेलेला. "पान्यावर सगळं पांढरं दिसते, बा. पिलं. आपल्या बोटाएवढी."

मी म्हणालो, पिलं काहून मारतात?

"मारत नाईत. त्यायले दिसतच नाईत."

आपल्याकडं बोटभर रोहू जाळ्यात आली तर हात ओला करून पाण्यात सोडतात, खवला निघू नये म्हणून. माझ्या बापानं मला तसं करायला लावलं, मी अं. ला. फावड्याचं ऐकून ताटावरून उठलो. जेवलो नाही. सूनबाई वनितानं अं. च्या लेकीला झोपवलं आणि ताट झाकून ठेवलं.

१७ नोव्हेंबर

फोन नाही. तूर फुलावर आहे. मोबाइलची बॅटरी पूर्ण भरली तरी तार काढत नाही. वनिता म्हणते, "बाबा, फुगून फुटन तो." फुटो.

१९ नोव्हेंबर

अं. चा आवाज बदललाय. आधी बोलताना मध्येच हसायचा, आता दात आवळून बोलतो.

जहाजाचं जाळं यांच्या जाळ्यावरून गेलं. यांचं जाळं जहाजाच्या वायरीत अडकलं आणि बोट मागं ओढली जाऊ लागली, पाणी आत यायला लागलं. तांडेलानं, म्हणजे बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्यानं, आपलंच जाळं कापून बोट सोडवली. हातवारे करून ओरडले तर वरून लोखंडी नट मारले, गुलेलीनं. कर्नाटकातल्या एका खलाशाचा डोळा गेला. अं. म्हणाला, डोळा हातात धरून बसला होता बा, बंदर येईपर्यंत. मग वरून गरम पाण्याचा पाईप सोडला. दिनेशच्या मानेवर फोड आलेत.

"वरून हसत होते," अं. म्हणाला. "तोंडं दिसत नाईत, नुसता हसन्याचा आवाज."

सुखदेवला सांगायला गेलो. फोडांचं ऐकून थुंकला. "बरं झालं. पोट्टा आंघोयीले आळशी होता."

पण नंतर जाळ्याची सुई बोटात घुसेपर्यंत त्याचं लक्ष नव्हतं.

२१ नोव्हेंबर

बंदरावर मारामारी. तिथल्याच एका बोटमालकानं त्या जहाजांना डिझेल आणि पाणी पोचवलं, हे कळलं. पोरांनी त्याच्या बोटीला आग लावली. मालकाची माणसं बर्फ फोडायच्या सळया घेऊन धावली. आपल्या तांडेलाच्या मांडीत एक सळई आरपार गेली. अं. नं ती उपसली आणि ज्यानं घुसवली त्याच्याच खांद्यात मारली.

हे त्यानं मला एवढ्या साधेपणानं सांगितलं, जसं तो मला सोयाबीनचा भाव सांगायचा.

मी म्हणालो, घरी ये.

"येऊन काय करू? ठेकेदाराच्या डोंग्यात बसू?"

 तलावावर ठेकेदाराच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलं होतं, टाके अजून केसांत दिसतात. ज्या पाण्यात तो पोहायला शिकला त्याच्या काठावर.

वनितानं फोन घेतला. तिला रक्ताचं काही सांगितलं नसावं. "थंडी पडून राह्यली, स्वेटर घालत जा," एवढंच तिचं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसती हं, हं.

२३ नोव्हेंबर

आज हसलो. बऱ्याच दिवसांनी.

अं. म्हणाला, "बा, यावेळेस जहाज दिसलं तर त्याचे भेंड तोडून आनतो. निंबाले बांधू."

परक्यानं आपल्या पाण्यात चोरून जाळं टाकलं तर आपण भोई माणसाला हात लावत नाही. जाळ्याचा वरचा दोर डोंग्याला बांधून घ्यायचा, मग पलीकडून कापायचा आणि दोरासकट भेंडं घरी आणून दारातल्या निंबाला टांगायची. जाळं पाण्यावर धरतात ती भेंडं. ती गेली की जाळं बुडालं. मग ज्याचं त्यानं दिवसाढवळ्या यायचं, वट्ट्यावर बसायचं, चहा प्यायचा, गावासमोर मागून घ्यायची. मोठमोठे दांडगे असे मान खाली घालून चहा पिऊन गेलेले आहेत आपल्या दारात. ठेकेदार मात्र आला नाही. त्याची भेंडं टांगली तर त्यानं काठ्या घेऊन माणसं पाठवली. तिथून ही रीत बंद पडली.

मी सुखदेवला सांगितलं. तो एवढा हसला की खोकला लागला. "जहाजाचा मालक येईन का रे इथं? कोनत्या गाडीनं?"

"कामरगावपर्यंत जीपनं."

"मी स्वतः चहा मांडतो. सांग त्याले, आनच म्हना. दिनेशलेही सांग, मागं नको राहू म्हना."

संध्याकाळी अं. ला तसं कळवलं. पलीकडून दिनेशचा आवाज आला, "काका, बाबाले म्हना साखर जास्त आना, परदेशी हाय." सुखदेव शेजारीच होता, पुन्हा हसला.

२४ नोव्हेंबर

फोन नाही. बोट बाहेर गेली असणार.

२६ नोव्हेंबर

दुपारी तांडेलाचा फोन. मी आधी अं. समजून बोलत सुटलो.

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बसून घ्या."

मी उभाच राहिलो.

जसं सांगितलं तसं लिहितो. उजाडत होतं. जहाज जाळं ओढून घेत होतं. यांच्या चार बोटी त्याच्या जाळ्याभोवती गेल्या. अं. नं आकडीनं वरचा दोर ओढला, आपल्या बोटीच्या खुंट्याला बांधला आणि पलीकडून कोयता चालवला. तांडेल ओरडला, बांधू नको. याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि कळलं नाही.

तलावात बांधलेला दोर कापला की तो ढिला होऊन पाण्यावर पडतो. लहान पोरही कापतं. तिथं एका बाजूनं जहाज ओढत होतं. दोर कापला गेला आणि उरलेला तुकडा भेंडासकट बोटीत उलटा आला, गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखा. भेंड म्हणजे आपलं लाकडाचं नाही. टणक प्लास्टिकचं, टरबुजाएवढं. दिनेश मागं उभा होता, भेंड झेलून घ्यायला. हात पुढं करून. छातीवर लागलं.

बंदर यायच्या आत गेला.

दोर तुटला तसं जहाज वळलं आणि सरळ एका बोटीवरून गेलं. आडवी फळी मोडल्यासारखी मोडली. त्यातले दोघं सापडले नाहीत.

मी विचारलं, माझा?

"तुमचा पोर धड आहे. पण बोलत नाही. दिनेशचं डोकं मांडीवरून खाली ठेवत नाही. आम्ही ओढून काढला."

फोन ठेवला. वनिता दारात होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, कारण मला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो.

२६, पुढं

सुखदेवला मीच सांगणार होतो. दुसऱ्या कोणाकडून कळू नये. गेलो तेव्हा तो वल्ह्याला तेल लावत होता. वल्ह्याला काम नाही तरी लावतो.

सांगितलं. दोराचंही सांगितलं. अं. नं बांधला हेही.

तो तेल लावत राहिला. टोकापर्यंत लावलं. मग उठला आणि त्याच वल्ह्यानं मला मारलं. पहिला खांद्यावर, दुसरा तोंडावर. मी खाली पडलो तेव्हा बरगड्यांवर.  वल्हं तेलकट होतं, त्याच्या हातातून निसटत होतं, तो परत परत धरत होता. मी हात वर केला नाही. माणसांनी धरेपर्यंत मारत होता.

दोन दात गेले. डाव्या बाजूला श्वास घेता येत नाही. वनितानं हळद भरली. "डॉक्टरकडं चला." नाही म्हणालो. मानोऱ्याला निघालो आणि वाटेत रेंज नसताना फोन आला तर.

२८ नोव्हेंबर

सकाळी गाडी आली. दिनेशला आणलं. सोबत धनज गावचा एक खलाशी होता, बंडू नावाचा. अं. नव्हता.

मी गाडीत दोनदा पाहिलं. बाकाखालीसुद्धा पाहिलं.

बंडू म्हणाला, "बसला होता, काका. गाडी सुरू झाली अन् उतरला. म्हने सुखदेवकाकाले कोनतं तोंड दाखवू."

गाडीतून एक पोतं काढलं. त्यात ते भेंड. नारिंगी, दोराचा तुकडा लोंबत होता. पोरांनी का पाठवलं असेल? बंडू म्हणाला, अंकुशनंच टाकायला लावलं. दिनेशनं आनलं म्हने, त्याच्या गावी गेलं पाह्यजे.

पोतं कोणी घेईना. शेवटी वनितानं उचललं आणि आमच्या वट्ट्यावर आणून ठेवलं.

तलावाच्या काठी दिनेशला अग्नी दिला. मी लांब उभा राहिलो. सुखदेवनं सगळं नीट केलं, एकदाही चुकला नाही. माणसं परत निघाली तेव्हा माझ्याजवळ येऊन थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गंगाराम, तुझा पोट्टा या गावात आला तर मी त्याले याच जागी जाळीन. जित्ता."

माणसं खाली बघून निघून गेली. मीही निघालो.

२९ नोव्हेंबर

अं. चा फोन बंद. तांडेलाचा लागतो, उचलत नाही.

पेज पितो. तोंड उघडत नाही. आता दोन गोष्टींचं भ्या. तो आला तर सुखदेव. नाही आला तर समुद्र. वनिताला म्हणालो तर म्हणाली, "सुखदेवकाका एक हाय, बाबा. समुद्र किती हाय?" पोरगी शहाणी आहे. पण तिनं सुखदेवचा हात पाहिला नाही तेव्हा, मी पाहिला.

१ डिसेंबर

सुखदेव कुऱ्हाड घेऊन आला. उन्हं नुकती वट्ट्यावर आली होती. मी आत होतो. वनिता भांडी घासत होती, ती तशीच राखेच्या हातानं दारात उभी राहिली.

"कोठं हाय?"

"आले नाईत, काका."

"लपवला असन."

"या आत. पाहा."

तो आत आला नाही. वट्ट्यावरचं पोतं त्याला दिसलं. तोंड सोडून उलटं केलं, भेंड घरंगळत अंगणात गेलं. त्याच्यामागं गेला आणि घाव घातला. कुऱ्हाड उडाली. पुन्हा घातला, पुन्हा उडाली. त्या प्लास्टिकवर पांढरा ओरखडा फक्त. तो घालतच राहिला, दर घावाला तोंडातून आवाज, लाकूडफोड्यासारखा. भेंड अंगणभर उड्या मारत होतं आणि हा त्याच्यामागं. शेजारची कुत्री भुंकायला लागली. मी दाराला धरून पाहत होतो. मला वाटलं हे संपलं की माझ्याकडं येईल, आणि मला एवढं दुखत होतं की आला असता तरी चाललं असतं.

मग पातं घसरलं आणि त्याच्या पोटरीत घुसलं.

बसला. रक्ताकडं असा पाहत होता जसं दुसऱ्याचं आहे. वनितानं पदर फाडून आवळला. तिच्या हातांची राख रक्तात मिसळून काळा चिखल झाला. तो तिला म्हणाला, "जोरानं बांध, पोरी." थोड्या वेळानं म्हणाला, "मी हासलो होतो. साखरेच्या गोष्टीवर मी हासलो होतो."

मग म्हणाला, "तरी मारीन त्याले. तुले सांगून ठेवतो."

"हो, काका," वनिता म्हणाली.

२ डिसेंबर

लंगडत आला. कुऱ्हाड घेऊन. मी उठलो तर म्हणाला, "तू काहून उठतो, म्हातारड्या. बरगड्या मोडल्या ना तुह्या."

"तूच मोडल्या."

"म्हनूनच म्हनतो, बस."

भेंड उचललं. म्हणाला, "आनलं हाय माह्या पोट्ट्यानं. निंबाले बांध."

मी चढू शकत नाही, तोही नाही. वनिता खाटेवर उभी राहून बांधायला लागली, दोर जाड, गाठ बसेना. सुखदेव खालून सांगत होता, उजवीकडून घे, खालून काढ, अशी नाई, तुह्या सासऱ्यानं तुले काईच शिकवलं नाई. शेवटी बसली. आता अंगणात कुठंही बसलं तरी डोळ्यांसमोर ते नारिंगी.

४ डिसेंबर

गाव बघायला येतं. कोणी हात लावत नाही.

बौद्धपुऱ्यातली माणसं आज जीपनं निघाली, तिथून रेल्वेनं मुंबईला, चैत्यभूमीला. भीमराव निरोप घ्यायला आला. मी विचारलं, मुंबईहून ते बंदर किती लांब? म्हणाला, लांब आहे, गंगारामभाऊ, पण समुद्र तोच. समुद्र दिसला की पाहतो.

मी म्हणालो, पाह्यजो. काय पाहणार तो? तरी बरं वाटलं.

दुपारी ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवरून आला. तोच, ज्यानं अं. चं डोकं फोडलं. निंबाखाली थांबला. "हे का जहाजाचं? मालक आला का चहाले?"

सुखदेवनं बसल्या जागेवरून दगड मारला. आरसा फुटला. दुसरा दगड माझ्या हातात होता, कधी उचलला ठाऊक नाही. माझा हेल्मेटवर बसला. बरगड्यांतून कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काळं. पण तो गेला.

सुखदेव म्हणाला, "नेम चांगला हाय तुहा अजून."

२६ तारखेनंतर माझ्याबद्दल चांगलं बोललेलं हे पहिलं.

६ डिसेंबर

तांडेलाचा फोन. सुखदेव समोरच बसला होता. आवाज मोठा, त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

ते जहाज पुन्हा आलंय. तेच, बाजूला बोट मोडल्याचा ओरखडा आहे. या बंदरातल्या आणि शेजारच्या बंदरातल्या बोटी मिळून जाणार. पोरांनी बाटल्यांत पेट्रोल भरलंय, दगड घेतलेत, टोकदार सळया घेतल्यात. अं. पहिल्या बोटीत. तांडेल म्हणाला, "मांडी अजून भरली नाही माझी, तरी मी जाणार. माझ्याच समुद्रात माझ्या माणसांना कोणी मारेल आणि मी किनाऱ्यावर बसू? पण पोराला तुम्ही समजवा. तो लढायला नाही चालला, बाबा. तो मरायला चाललाय. मला फरक कळतो."

फोन त्याच्याकडं द्या म्हणालो. पलीकडं काही बोलणं झालं. तांडेल म्हणाला, घेत नाही. ऐकतोय, इथंच उभा आहे.

मी बोलायला गेलो. सांगायचं खूप होतं. गेलेल्या दातांतून हवा निघाली फक्त.

सुखदेवनं माझ्या हातातून फोन ओढला.

"ए अंकुश. ऐक. तू माह्या पोराचा जीव घेतला. तुहा जीव आता माह्या नावावर हाय. मी मारीन तुले. इथं, निंबाखाली. कुऱ्हाडीले धार लावली. त्या भडव्यायच्या हातानं मेला तर याद राखजो. दुसऱ्या कोनाच्या हातानं मरायचा तुले हक नाई. समजलं का बे? हो म्हन."

पलीकडं काही नाही. समुद्राचा आवाज, का वाऱ्याचा.

"हो म्हन, लेका."

फोन कट झाला. सुखदेव तो हातात धरून पाहत राहिला. मग मला म्हणाला, "हो म्हनला का? तुले ऐकू आलं का?"

मी म्हणालो, वाटलं तसं. मला काही ऐकू आलं नव्हतं.

७ डिसेंबर

फोन नाही. तांडेलाचाही बंद. समुद्रात असतील.

८ डिसेंबर

नाही.

वनितानं टीव्हीवाल्या घरी जाऊन पाहिलं. परदेशी जहाजाशी झटापट झाली, काही बोटी जळाल्या, एवढंच दाखवलं. धूर दाखवला. कोणाची बोट, किती माणसं, काही नाही. मग दुसरी बातमी.

सुखदेव आला, बसला, "फोन?" म्हणाला. नाही म्हणालो. वाईट खबरीबद्दल काही बोलला नाही. तंबाखूही मळली नाही.

९ डिसेंबर

अंकुश, आज तुलाच लिहितो. ही वही तू आल्यावर वाचणार आहेस, आणि तुझी लेक मोठी झाल्यावर तिलाही देशील म्हणाला होतास. म्हणून खरं ते सगळं लिहिलं.

सुखदेव रोज उन्हं आली की येतो आणि वट्ट्यावर निंबाकडं तोंड करून बसतो. कुऱ्हाड मांडीवर असते. धार खरंच लावलेली आहे, मी बोट फिरवून पाहिलं. वनिता त्याला चहा देते. तो पितो, कप उलटा ठेवतो. मारीन म्हणतो ते तो नुसतं म्हणत नाही. मी त्याला ओळखतो. पण काल वनिता विहिरीवर गेली असताना मोबाइल वाजला, सिमच्या कंपनीचा होता, तेव्हा तो त्या लंगड्या पायानं माझ्याआधी पोचला. हेही मी पाहिलं. यातलं कोणतं खरं, मला सांगता येत नाही. त्यालाही येत नसेल.

म्हणून असं कर. मानोऱ्याला उतरू नको, तिथं सगळे ओळखतात. कामरगावला उतर. कोणत्या गाडीनं येतो तेवढं आधी कळव. मी सुखदेवला जाळं घेऊन तलावाच्या पलीकडच्या काठावर नेईन, ठेकेदार काही म्हणो. त्याला डोंग्यात बसवीन. कुऱ्हाड वट्ट्यावरच ठेवायला लावीन, डोंग्यात कुऱ्हाड नेत नाहीत हे तोही मानतो. तू तेवढ्यात घरी पोच, वनिताला, पोरीला भेट. मग पुढचं पाण्यावर बोलू, तिघं.

जळाला असशील तर तसा ये. हात नसेल तर तसा ये. फोन हरवला असेल तर कोणाचाही माग. बोलवत नसेल तर दुसऱ्याला बोलायला लाव, एक शब्द, आहे म्हणून. मोबाइल वट्ट्यावर आहे, तार लावलेली आहे. आम्ही दोघं शेजारीच बसलोय.

लवकर निरोप धाड.